यंदा थंडी कधी पडते? परतीचा पाऊस, दव, पहाडातला बर्फ... नागपूरकरांनो अंदाज सांगा

मनीषनगरचा (११ ऑक्टोबर, रात्री १०.४०)

मंडळी, दोन दिवसांपासून रात्री पंखा तीनवरून एकवर आला आणि पहाटे अंगणातली गाडी ओलीचिंब सापडून राहिली, सीट पुसल्याशिवाय बसता येत नाही. पण दुपारी बर्डीच्या बाजारात दहा मिनिटं उभं राहिलं की तीच ऑक्टोबर हीट, शर्ट पाठीला चिकटतो. बायको म्हणते स्वेटर उन्हात टाका, मी म्हणतो आधी कूलरचं पाणी तर काढू दे.

अडचणी तीन आहेत. मोठ्या भावाचं सोयाबीन हिंगण्याकडे कापून शेतातच पडलंय आणि थ्रेशर मिळणार थेट पुढच्या शुक्रवारी. दुसरं, दिवाळीनंतर आम्ही चौघं मनालीला चाललो, पोट्ट्यांना बर्फ दाखवतो असा शब्द देऊन बसलोय. तिसरं म्हणजे आई, दम्याचा त्रास आहे, पहाटे पाचला फिरायला जाते आणि ऐकत नाही. थंडी नेमकी कधी लागते ते कळलं तर तिला तारीख सांगता येईल.

मोबाईलवर तीन अ‍ॅप आहेत, तिन्ही वेगवेगळं सांगून राहिले. एकात तर भाऊबीजेचं तापमान आत्ताच लिहून आलंय, दशांशासकट.

बर्डी_बॉय (रात्री १०.५२)

दशांशासकट असन तर पक्कंच असन ना बे. स्वेटर काढ आणि कूलर पण राहू दे, नागपुरात दोन्ही एकाच दिवशी लागते.

आकाशवेडा (रात्री ११.३०)

भाऊ, आधी ते दशांशवालं अ‍ॅप काढून टाका. पाच दिवसांपर्यंतचा अंदाज बऱ्यापैकी धरून चालता येतो, सहावा-सातवा दिवस ढोबळ, त्यापुढे दिवसागणिक आकडे देणारा माणूस असो की मशीन, तो मागच्या वर्षांची सरासरीच नव्या कपड्यात दाखवून राहिला असं समजायचं.

आता मुद्दा. नागपूरची थंडी नागपुरात तयार होत नाही, ती दोन दिशांच्या भांडणावर ठरते. उत्तरेकडून काय येतं आणि पूर्वेकडून काय येतं.

उत्तरेची गोष्ट अशी की भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ढग-पाऊस घेऊन येणारे कमी दाबाचे पट्टे, इराण-अफगाणिस्तानावरून येऊन काश्मीर-हिमाचलच्या पहाडाला धडकतात. ऑक्टोबरपासून त्यांचा रस्ता दक्षिणेकडे सरकायला लागतो. तिकडे पाऊस नाहीतर बर्फ पडतो आणि तो विक्षोभ पुढे सरकला की मागून कोरडी थंड हवा राजस्थान, मध्य प्रदेश करत दोन-तीन दिवसांत आपल्यापर्यंत पोचते. गंमत म्हणजे विक्षोभ येत असताना आपल्याकडे पहाटेचा पारा उलट वर जातो, कारण वारे फिरतात आणि ढग येतात. त्यामुळे टीव्हीवर गुलमर्गचा बर्फ दिसला की त्याच रात्री शाल शोधू नका, तीन दिवस थांबा.

पूर्वेची गोष्ट म्हणजे बंगालचा उपसागर. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. तिथे कमी दाबाचं क्षेत्र झालं की आपल्याकडे पूर्वेचा दमट वारा सुरू होतो, आभाळ भरतं, आणि रात्री ढग म्हणजे जमिनीवर गोधडी. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते, ती अर्ध्या वाटेतून परत. पारा खाली जातच नाही. म्हणून उत्तर भारत कुडकुडत असताना कधी कधी आपण इथे घामाघूम.

सध्या अंदमानकडे हालचाल दिसून राहिली. ते इकडे येईल की ओडिशावरून वर जाईल हे आज कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला नमस्कार करा आणि चहा पाजून रवाना करा.

काटोलवाला (१२ ऑक्टोबर, सकाळी ६.१५)

शहरवाल्यांना थंडी स्वेटरसाठी पाहिजे, आम्हाला रंगासाठी. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांचा, संत्रा झाडावर तयार आहे पण हिरवागार. आतून गोड झाला तरी सालीवर रंग फिरायला रात्री गार व्हाव्या लागतात. व्यापारी बगीच्यात येतो, चार फळं हातात घेते आणि म्हणते रंग नाही, दहा दिवसांनी पाहू. या दहा दिवसांत पाऊस आला की फळगळ, खाली जे सडा पडते ते पाहून माणसाचं जेवण उतरत नाही. पाणी बुंध्याशी साचलं की डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, वेगळाच.

आणि पुढच्या बहाराचा हिशोबही याच थंडीत आहे. डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण बसला तर आंबियाची फुलं धरतात. ताण आम्ही पाणी तोडून देतो पण अर्धं काम थंडीचं. ढगाळ, गरम हिवाळा गेला की फूल फुटते पण अर्धवट, नवतीच, म्हणजे नुसती नवी पालवी, जास्त.

त्यामुळे आकाशवेडा भाऊ, पूर्वेचा वारा येऊ देऊ नका एवढं बघा.

बर्डी_बॉय (सकाळी ९.०५)

काटोलवाले काका, आकाशवेडाच्या हाती रिमोट आहे असं वाटून राहिलं का तुम्हाला.

तुमसरची_ताई (सकाळी ९.४०)

संत्र्याचं बरोबर आहे पण आमचं धानाचं ऐका. हलका धान कापणीला आलाय, काहींच्या कडपा बांधीत पडल्यात. कडपा म्हणजे कापून आडवा टाकलेला धान, दोन-तीन दिवस वाळला की बांधायचा. तेवढ्यात पाऊस आला की लोंबी पाण्यात आणि चार दिवसांत दाण्याला मोड. उभा भारी धान वाऱ्यानं लोळते, आणि नुसतं ढगाळ राहिलं तरी तुडतुडा, म्हणजे रस शोषणारी कीड, चढते.

२०२५ च्या ऑक्टोबरचं मोंथा वादळ आठवते ना? २८ तारखेला आंध्रच्या किनाऱ्यावर आलं. आमच्या घरी टीव्हीवर पाहत होते सगळे, कुठे काकीनाडा, कुठे आपण. मी सासऱ्यांना म्हटलं बाबा, हे लांब आहे. ते काही बोलले नाहीत, खुंटीवरचा कंदील काढून काच पुसायला बसले. नंतर त्याचे ढग इकडेच आले आणि लाईटही गेली. तेव्हापासून मी आंध्रला लांब म्हणत नाही.

पहाडी_पोट्टी (दुपारी १.२०)

ताईंनी वादळाचं काढलं म्हणून सांगते, ते पहाडालाही सोडत नाही. २०१४ चं हुदहुद, १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलं. तिथून छत्तीसगड, उत्तर प्रदेश करत विरत विरत नेपाळपर्यंत गेलं. १४ ऑक्टोबरला अन्नपूर्णा भागात थोरोंग ला खिंडीच्या आसपास, ५,४१६ मीटरची खिंड आहे ती, जोरदार हिमवादळ झालं आणि चाळीसहून जास्त लोक गेले. ट्रेकिंगचा सगळ्यात चांगला महिना म्हणून लोक तिथे ऑक्टोबरमध्येच जातात. समुद्रातली वाफ दोन दिवसांत बर्फ होऊन डोक्यावर पडते, हे मी ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण म्हणतो, आमच्या वेळी असं काही होणार नाही.

मनीषनगरचे भाऊ, तुमच्या मनालीचं. मनाली साधारण २,०५० मीटर. दिवाळीनंतर लगेच गेलात तर मनाली गावात बर्फ पडेल ही आशा ठेवू नका, पडला तर बोनस. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर. सोपा हिशोब करा, वर जाताना दर किलोमीटरला साडेसहा अंश कमी. चंदीगडची उंची आपल्या नागपूरएवढीच, तीनशेच्या वर थोडी. म्हणजे रोहतांग त्याच्यापेक्षा साडेतीन किलोमीटरहून जास्त वर, साधारण चोवीस अंशांचा फरक. चंदीगडला दुपारी २६ असेल तर रोहतांगला शून्याच्या आसपास. नुसती थंडी असून चालत नाही पण, ओलावाही लागतो, म्हणजे विक्षोभ आला पाहिजे. तो आला की बर्फ पण पडतो आणि रस्ता पण बंद होतो. दोन्ही एकत्रच मिळतात, नुसता बर्फ असं पॅकेज नाही.

रोहतांगला गाडीचा परमिट लागतो आणि मंगळवारी तो रस्ता दुरुस्तीसाठी बंद असतो, हे बुकिंगवाले हमखास सांगत नाहीत. माझ्या मैत्रिणीच्या टूरवाल्यानं मंगळवारच दिला होता. पैसे परत मागितले तर म्हणे बर्फाचा फोटो हॉटेलच्या भिंतीवर आहे. परमिट नाही मिळाला तर अटल बोगद्यातून लाहौलकडे जा, नऊ किलोमीटरचा बोगदा आहे, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. इकडच्या तोंडाला हिरवळ आणि पलीकडे उघडा भुरकट पहाड, पोट्ट्यांना बर्फाइतकंच ते लक्षात राहील.

काटोलवाला (दुपारी २.१०)

पहाडात फळबागवाल्यांचंही आमच्यासारखंच असते का?

पहाडी_पोट्टी (दुपारी २.४५)

सेम काका. २०१९ ला काश्मीरात ७ नोव्हेंबरलाच जड बर्फ पडला. सफरचंदाच्या झाडांवर पानं तशीच होती. पानं झडलेली असली की बर्फ खाली घसरतो, पानं असली की फांदीवर बसतो. वीस-पंचवीस वर्षांची झाडं मधून चिरली. तिकडे लोक फांद्या बांबूनं झोडपून बर्फ पाडतात, रात्रीतून उठून.

बर्डी_बॉय (१३ ऑक्टोबर, सकाळी ७.३०)

ब्रेकिंग. आज पहाटे मित्राच्या गाडीत काटोल रोडनं येत होतो, डॅशबोर्डवर १७ दाखवलं. बर्डीला पोचेपर्यंत २१. घरच्या गच्चीतल्या थर्मामीटरवर २४. पेपरात सोनेगावच्या वेधशाळेचं १९ आणि काही. यातलं खरं कोणतं बे?

आकाशवेडा (सकाळी ८.१५)

सगळी खरी, गच्चीवालं सोडून. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर शेकतो, तू स्लॅबचं तापमान मोजून राहिला. वेधशाळेचं थर्मामीटर जमिनीपासून चारेक फुटांवर, पांढऱ्या झरोक्याच्या लाकडी पेटीत असतं, ऊन थेट लागत नाही आणि हवा खेळती राहते. शहरात सिमेंट, डांबर, एसीचे डबे, म्हणून बर्डी गरम. काटोल रोडला शेतं लागली की तीन-चार अंश सहज उतरतं.

आणि दुसरी गोष्ट, चार फुटांवरची हवा वेगळी आणि गवताचं पातं वेगळं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवत, पत्रा, गाडीचा टप हे हवेपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त गार होतात. म्हणून पारा शून्यावर न जाताही दव गोठू शकतं.

धंतोलीचे_काका (सकाळी १०.०२)

हे मी पाहिलं आहे. २९ डिसेंबर २०१८, नागपूर ३.५ अंश, आजवरची नीचांकी नोंद. त्याआधीचा विक्रम १९३७ च्या जानेवारीतला ३.९ चा होता, म्हणजे ऐंशीहून जास्त वर्षं टिकलेला. त्या सकाळी मी भाच्याकडे कळमेश्वरजवळ शेतावर होतो. जीपच्या टपावर पांढरं काहीतरी दिसलं, मला वाटलं रात्री कोणी चुना सांडला. नखानं खरवडलं तर नख गार पडलं आणि पांढरं विरघळून गेलं. भाचा आतून ओरडला, मामा, तुरी बघायला चला. नाल्याकाठच्या दोन एकरात फुलं आणि कोवळ्या शेंगा उकडल्यासारख्या मऊ झालेल्या. वरच्या धुऱ्याकडची, म्हणजे उंच बांधाकडची, तूर मात्र जशीच्या तशी. एकाच शेतात.

आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला आंध्रवर फेथाई वादळ आलं होतं. तेव्हा लोक म्हणत होते की यंदा हिवाळा गेला आता. बारा दिवसांत सगळ्यांची बोलती बंद.

निफाडची_सून (सकाळी ११.२५)

माहेर प्रतापनगर, सासर निफाड, त्यामुळे दोन्हीकडचं भोगते. काकांनी नाल्याकाठचं जे सांगितलं ते आमच्याकडे पोरासोरांना पाठ असतं. गार हवा जड, पाण्यासारखी उताराला वाहते आणि खोलगट जागी साचते. द्राक्षबागेत पण खालच्या ओळी आधी मरतात. आमच्याकडे पारा पाचच्या खाली गेला की पहाटे तीनपासून बागेत शेकोट्या, ओला पाला टाकून धूर करायचा, तो धूर बागेवर चादरीसारखा राहिला पाहिजे. आणि ड्रिप चालू, कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते आणि रात्री हळू सोडते. सासरे त्या रात्री झोपत नाहीत, कानटोपी घालून बॅटरी घेऊन ओळीओळीनं फिरतात, मणी बोटांनी दाबून बघतात. मणी तडकले की संपलं.

पण ते सगळं डिसेंबर-जानेवारीचं. ऑक्टोबरात आम्हालाही भीती पावसाचीच. छाटणी झाली, कोवळी फूट निघाली आणि वरून रिमझिम आली की डाऊनी हा बुरशीचा रोग ठरलेला.

नागपूरला दव गोठायची वेळ वर्षानुवर्षं येत नाही हो. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर हिमकण दिसले की पेपरात फोटो येतो, कारण तिथेही रोजचं नाही.

मनीषनगरचा (दुपारी १२.१०)

वाचून मजा येऊन राहिली पण माझं सोयाबीन कोणी विसरू नका. आज बुलेटिनमध्ये वाचलं, १६ आणि १७ ला विदर्भात "तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस", यलो अलर्ट. भाऊ म्हणतो तुरळक म्हणजे दोन थेंब, काही होत नाही. मागच्या वर्षी पण हाच म्हणाला होता, तेव्हा एका अ‍ॅपनं शून्य टक्के पाऊस दाखवला आणि सगळी गंजी भिजली, बाजारात ओलावा जास्त म्हणून भाव पाडून दिला.

आकाशवेडा (दुपारी १२.४०)

थांबा थांबा, तुरळक म्हणजे थेंब नाही! हा गैरसमज सगळीकडे आहे. तो शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाही, किती जागी पडेल ते सांगतो. तुरळक म्हणजे त्या विभागातल्या चारातल्या एकापेक्षा कमी केंद्रांवर. काही ठिकाणी म्हणजे त्याहून जास्त पण निम्म्यापर्यंत, मग बऱ्याच ठिकाणी, मग बहुतांश. तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस तुमच्याच हिंगण्यावर तासभर कोसळू शकतो आणि बुटीबोरी कोरडी. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारी करा, रेड म्हणजे हातातलं सोडून कामाला लागा. विजांसह लिहिलंय ते हलकं घेऊ नका, त्या वेळी शेतात झाडाखाली कोणी उभं राहू नये.

मेघदूत अ‍ॅपवर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, तो भावाला बघायला सांगा. तो माणसांनी लिहिलेला असतो.

काटोलवाला (दुपारी १.१५)

थ्रेशर शुक्रवारी मिळन म्हणून वाट पाहत बसू नका. आज-उद्या गोळा करा, उंचावर गंजी घाला, खाली पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) नाहीतर लाकडं टाका म्हणजे खालून हवा राहते, वरून ताडपत्री. पण ऊन असताना ताडपत्री काढायची बरं, झाकूनच ठेवली तर आत वाफ धरते आणि बुरशी लागते. दाण्यात बारा टक्क्यांवर ओलावा गेला की खरेदी केंद्रवाला परत पाठवते, मग व्यापारी सांगन तो भाव.

तुमसरची_ताई (दुपारी १.३०)

आणि दोर बांधा. दगड ठेवून भागत नाही, वारं आलं की ताडपत्री शेजारच्या शेतात मिळते.

धंतोलीचे_काका (संध्याकाळी ५.५०)

तुमच्या आईंबद्दल कोणी लिहिलं नाही. थंडीची तारीख वगैरे सांगू नका, त्या ऐकणार नाहीत, मी पण ऐकत नाही. खरा त्रास थंडीपेक्षा धुराचा. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची गरम, म्हणजे डब्यावर झाकण बसल्यासारखं. गाड्यांचा, कचऱ्याचा, दिवाळीत फटाक्यांचा धूर पहाटे तिथेच तरंगत असतो. उन्हं वर आली की झाकण उचललं जातं. त्यांना पाचऐवजी साडेसात-आठला पाठवा. कारण विचारलं तर सांगा की अंबाझरीला तेव्हा ओळखीचे लोक जास्त भेटतात. मी ह्याच कारणानं वेळ बदलली.

बर्डी_बॉय (१७ ऑक्टोबर, रात्री ८.२०)

काय बाप्पा पाऊस! बर्डीवर पंधरा मिनिटं, उड्डाणपुलाखाली अर्धं नागपूर उभं. आणि तिबेटी स्वेटरवाले आजच दुकानं लावून राहिले होते, एक बाई प्लास्टिकखाली बसून शांतपणे विणत होती. गोंदियाकडच्या वसाहतीतून येतात ना हे लोक. मी विचारलं, थंडी कब आएगी, तर म्हणे हम आ गए, अब वो भी आएगी.

मनीषनगरचा (१८ ऑक्टोबर, सकाळी ७.१०)

अपडेट. हिंगण्याला काल पाऊण तास पडला. गंजी तीन दिवस आधीच उंचावर घातली होती, ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोरानं बांधली. एक कोपरा भिजला, बाकी कोरडं. भाऊ सकाळी फोनवर म्हणाला, मी म्हटलंच होतं झाकून ठेवू. मी काही बोललो नाही.

आईनं साडेसातची वेळ घेतली, तीन मैत्रिणी मिळाल्या म्हणते. मनालीचं रोहतांग बुधवारी करून घेतलं, टूरवाला आधी मंगळवारच देऊन राहिला होता!

आकाशवेडा (१८ ऑक्टोबर, सकाळी ९.००)

कमी दाब ओडिशावरून वर सरकलं. दोन दिवस ढग राहतील, रात्री उकडेल. २१ च्या आसपास काश्मीरकडे विक्षोभ दिसून राहिला, तो गेला की वारा उत्तरेचा होईल. तोपर्यंत काटोलवाले काकांनी धीर धरावा.

काटोलवाला (२५ ऑक्टोबर, सकाळी ६.२५)

काल रात्री पहिल्यांदा पंखा बंद केला. आता बगीच्यात उभा आहे, चप्पल ओली, आभाळ एकदम काचेसारखं. उताराकडच्या तिसऱ्या ओळीत चार झाडांवर देठाजवळ पिवळी झाक आलीय, वरच्या धुऱ्याकडे अजून हिरवंच आहे. व्यापाऱ्याला फोन लावला तर तो झोपेत.

मनीषनगरचा (सकाळी ६.४०)

काका, रविवारी येऊ का पोट्ट्यांना घेऊन?

काटोलवाला (सकाळी ६.४४)

या ना. पण उताराकडूनच तोडा, वरचे आंबट आहेत.